पबजी, खबर आणि शहानिशा

जुलै २०१७च्या अखेरीस अंधेरी पूर्वेत राहणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. दोन दिवसांत ‘ब्लू व्हेल’ हे नाव मुंबईतल्या घराघरांत पोचलं. रशियातून आलेला एक ऑनलाइन खेळ आहे, तो मुलांना पन्नास दिवस पन्नास कामं देतो आणि शेवटचं काम जीव देण्याचं असतं, असं वाहिन्या सांगत होत्या. विधिमंडळात प्रश्न गाजला. ११ ऑगस्टला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या कंपन्यांना या खेळाच्या लिंक काढून टाकायला सांगितलं.

मी जोगेश्वरीत राहते आणि एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी व उर्दू शिकवते. त्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातल्या आया झोपलेल्या मुलांच्या हातावर माशाचं चित्र आहे का, हे बघत होत्या. व्हॉट्सॲपवर दर तासाला नवा मेसेज यायचा. कुणी तो खेळ पाहिला नव्हता. तो कुठे मिळतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. तरी गुन्हेगार ठरला होता.

पुढे केंद्राने देशभरातल्या अशा घटना तपासायला तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने मुलांचे फोन, इंटरनेटचा वापर, कॉलच्या नोंदी तपासल्या. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृह राज्यमंत्री, चंद्रपूरचे खासदार हंसराज अहिर यांनी लोकसभेत उत्तर दिलं, की यातल्या एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झालेला नाही. ऑगस्टमध्ये ज्या बातमीने पहिलं पान भरलं होतं, तिचा हा शेवट आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या कानावर आला नाही. एकाही ग्रुपवर तो फिरला नाही.

मला त्या खोट्या बातमीपेक्षा तिने झाकलेली गोष्ट जास्त खुपते. अंधेरीच्या त्या मुलाच्या मनात काय चाललं होतं? त्याच्या वयाच्या बाकीच्या मुलांच्या मनात काय चाललंय? हे प्रश्न विचारायची ती वेळ होती. माशाचं नाव मिळालं आणि सगळे प्रश्न त्या माशाने गिळून टाकले.

मार्च २०१८मध्ये पबजी मोबाइल आला. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, घरांतून हत्यारं गोळा करतात, एकमेकांना मारतात आणि शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकतो. खेळ फुकट, डेटा स्वस्त. वर्षभरात आमच्या गल्लीतल्या पोरांच्या तोंडी ‘झोन’, ‘लूट’, ‘नॉक’, ‘स्क्वॉड’ हे शब्द बसले. २९ जानेवारी २०१९ला दिल्लीत ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार केली, तर पंतप्रधानांनीच तिला विचारलं की हा पबजीवाला आहे का. सगळं सभागृह हसलं. त्याच सुमारास मुंबईतल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. हा खेळ हिंसा आणि आक्रमकपणा वाढवतो, त्यावर बंदी घाला, अशी त्याची मागणी होती. न्यायालयाने केंद्रीय मंत्रालयाला खेळाचा आशय तपासून निर्णय घ्यायला सांगितलं. मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी बंदीचा आदेश काढला आणि खेळताना सापडलेल्या कॉलेजच्या मुलांना अटकही केली. त्याच महिन्यात हिंगोलीत रुळांजवळ पबजी खेळत बसलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले.

शेवटी २ सप्टेंबर २०२०ला पबजीवर बंदी आली. ती गलवाननंतरची बंदी होती. ११८ चिनी ॲपच्या यादीत पबजीचं नाव होतं आणि कारण होतं देशाची सुरक्षा आणि नागरिकांचा डेटा. दोन वर्षं ज्या हिंसेवर वाद चालला होता, तिचा निकाल लागलाच नाही. माझ्या वर्गातली पोरं आठवड्याभरात ‘फ्री फायर’वर गेली. २ जुलै २०२१ला पबजीच ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला. या नव्या अवतारात रक्ताचा रंग हिरवा होता. ‘मारलं’च्या जागी ‘संपवलं’ अशा अर्थाचा शब्द आला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. पोरांनी मला सांगितलं, “टीचर, उसमें बस पैदाइश का साल बदलने का.”

आता मूळ प्रश्न. पडद्यावर गोळ्या झाडणारा मुलगा बाहेर येऊन हिंसा करतो का?

जगात यावर खूप अभ्यास झाला आहे. २०११मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. समोर ठेवलेल्या अभ्यासांतून हे खेळ मुलांना हिंसक बनवतात असं सिद्ध होत नाही, असं बहुमताने म्हटलं. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. मुलांना खेळाबद्दल विचारलं आणि त्यांच्या वागण्याबद्दल पालकांना. दोन्हींत संबंध सापडला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने २०२०मध्ये सांगितलं की ओरडणं, ढकलणं अशा आक्रमक वागण्याशी या खेळांचा छोटासा संबंध दिसतो, पण खऱ्याखुऱ्या हिंसेचा दोष त्यांच्यावर टाकायला पुरेसा पुरावा नाही. म्हणजे खेळाला पूर्ण निर्दोषही म्हणता येत नाही आणि खुनीही म्हणता येत नाही.

आम्हा जोगेश्वरीकरांना यासाठी परदेशातल्या अभ्यासाची फार गरज पडू नये. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये या शहरात ९०० माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात हा आकडा आहे आणि जोगेश्वरीचं नावही आहे. मी तेव्हा शाळेत होते. ज्यांनी घरं जाळली त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता. अफवा होत्या, भाषणं होती, वर्तमानपत्रांतले मथळे होते. आज त्या वयाचे झालेले लोक मला पालकसभेत सांगतात की आमच्या पिढीत असली मारधाड नव्हती. मी ऐकून घेते.

त्या काळात आमच्या नाक्यावर व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. पुढे तिथे एक खेळ आला, ज्याला सगळी पोरं ‘मुस्तफा’ म्हणायची. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३मध्ये काढलेला. त्यात चार हिरो होते. त्यातला मुस्तफा पोरांना इतका आवडला की सगळा खेळच त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. हिंदू-मुसलमान सगळी पोरं टोकनसाठी रांग लावायची आणि ‘मला मुस्तफा पाहिजे’ म्हणून भांडायची. मारामारी त्यातही होती, भरपूर होती. पण मुस्तफा हिरो होता.

नंतर काळ बदलला. ११ सप्टेंबरनंतर आलेल्या कितीतरी युद्धखेळांत अरबी नावाचं गाव, मशिदीचा मिनार आणि तोंडाला रुमाल बांधलेला शत्रू हा ठरलेला देखावा झाला. इराकमधल्या फलुजाच्या लढाईवर अमेरिकी सैनिकाच्या बाजूने खेळायचा खेळ २००९मध्ये जाहीर झाला, टीकेमुळे कंपनीने तो सोडला, आणि २०२३मध्ये तो बाजारात आलाच. या गोष्टीची मला गोळ्यांच्या आवाजापेक्षा जास्त काळजी वाटते. गोळी झाडणं खोटं आहे, हे आठवीतल्या पोराला कळतं. समोरचा शत्रू नेहमी एकाच चेहऱ्याचा का असतो, हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. ते आमच्या पोरांनाही सांगायला हवं आणि शेजारच्या पोरांनाही.

आमच्याकडे या खेळांवर बयानंही होतात. इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या उलेमांनी २०१९मध्ये पबजीला हराम ठरवलं. जून २०२०मध्ये पबजीत एक नवा भाग आला. त्यात खेळाडूने एका मूर्तीसमोर झुकलं की त्याला फायदा मिळायचा. आखाती देशांत संताप उसळला. कंपनीने ताबडतोब तो भाग काढला आणि माफी मागितली. तक्रार योग्यच होती. पण त्यातून एक शिकण्यासारखं आहे. नेमकी तक्रार केली तर या कंपन्या बदलतात. मूर्ती काढतात, रक्त हिरवं करतात, तासांची मर्यादा घालतात. ‘हे सगळं बंद करा’ या आरोळीने मात्र फक्त खेळाचं नाव बदलतं.

मग नेमकी तक्रार कोणती? ऑगस्ट २०२१मध्ये जोगेश्वरीतलाच एक सोळा वर्षांचा मुलगा घर सोडून गेला. पबजीसाठी त्याने आईच्या खात्यातून सुमारे दहा लाख रुपये उडवले होते. ते कळल्यावर घरचे ओरडले आणि तो चिठ्ठी लिहून निघाला. पोलिसांना तो अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. समजूत घालून त्यांनी त्याला घरी पोचवलं. त्या पोराने कुणावर हात उगारला नव्हता. दहा लाख गेले ते आयडी आणि ‘यूसी’मध्ये, म्हणजे खेळातल्या चलनात, ज्यातून नवे कपडे आणि बंदुकीचे नवे रंग मिळतात. खेळ फुकट आहे, दुकान फुकट नाही. ही दुकानं कशी मांडलीत, पोराला पुन्हा पुन्हा तिथे कसं नेलं जातं, पैसे कापताना घरच्यांना का कळत नाही, यावर आपण भांडायला हवं होतं. आपण रक्ताच्या रंगावर भांडत राहिलो.

जागतिक आरोग्य संघटनेनेही या खेळांच्या आजाराची नोंद घेतली आहे. तिच्या रोगांच्या नव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्याची तीन लक्षणं सांगितली आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला जास्त महत्त्व देणं, आणि नुकसान होतंय हे दिसूनही खेळत राहणं. साधारण वर्षभर हे चालू असेल आणि घर, शाळा, मैत्री यांवर परिणाम होत असेल तर तो आजार समजावा. खेळात बंदूक आहे की फुटबॉल, याचा त्यात उल्लेख नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी वडील त्याला घेऊन आले. रिक्षा चालवतात, दिवसाचे चौदा तास. म्हणाले, “टीचर, ये मारधाड का गेम खेल-खेल के जालिम हो गया है. माँ से जबान लडाता है.” मुलाच्या दंडावर पट्ट्याचे वळ होते. वडिलांनी फोन फोडला होता आणि मुलालाही. मी मुलाला वर्गात पाठवलं आणि वडिलांना बसवलं. त्यांना म्हटलं, “भाईजान, या घरात आत्तापर्यंत कुणी कुणाला मारलंय, ते आधी सांगा.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की भीती वाटली. मुंब्र्याचं ऐकलं होतं ना, म्हणून.

मुंब्र्याची गोष्ट अशी. मे २०२३मध्ये गाझियाबाद पोलिसांनी गुन्हा नोंदवला, की ‘फोर्टनाइट’सारख्या ऑनलाइन खेळांतून मुलांना धर्मांतराकडे ओढलं जातंय. मुंब्र्याच्या एका तरुणाला जूनमध्ये अलिबागहून अटक झाली. त्याच्या खटल्याचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. पण त्यासोबत मुंब्र्यात चारशे जणांचं धर्मांतर झाल्याचा दावाही वाहिन्यांवर फिरला आणि एका माणसावरचा आरोप एका अख्ख्या गावावर पसरला. स्थानिक आमदार जितेंद्र आव्हाड पुरावा मागत होते, तेव्हा वाहिन्या पुढच्या मथळ्यावर गेल्या होत्या. आमच्या रिक्षावाल्या भाईजानला भीती होती ती ही. पोरगा रात्री कुणाशी तरी हेडफोनवर बोलतो, उद्या पोलीस दारात आले तर?

आधी आरोप, मग पुरावा, आणि पुरावा आला नाही तरी आरोप कायम. हे काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपण ते रोज भोगतो. म्हणूनच मला वाटतं की खेळाच्या बाबतीतही आपण तसं वागू नये. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत हुकूम आहे, की कुणी खबर आणली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल. ही आयत आपण वाहिन्यांना ऐकवतो. ब्लू व्हेलचा मेसेज पुढे ढकलताना ती आपल्याला आठवली नाही. पोरावर पट्टा उचलताना तर नाहीच.

शहानिशा करायची तर पोरांनाच विचारावं लागतं. मी आठवीला ‘माझा आवडता खेळ’ हा निबंध दिला आणि सांगितलं, की गाइडातलं क्रिकेट नको, जे खरोखर खेळता ते लिहा. माझी पोरं मराठीत चार ओळींवर जात नाहीत. त्या दिवशी दीड-दीड पान आलं. व्याकरणाचे हाल होते, पण पोरं बोलत होती. एकाने लिहिलं होतं, की नॉक झालो की मित्र गोळ्या चालू असताना येऊन उचलतो, हे त्याला सगळ्यात आवडतं. दुसऱ्याने लिहिलं, की मैदानात मोठी पोरं खेळू देत नाहीत, इथे देतात. एकाने लिहिलं, की गावाला गेलेला चुलतभाऊ फक्त इथेच भेटतो. पट्टा खाल्लेल्या मुलाने लिहिलं होतं, की घरात सात माणसं, रात्री एकनंतर शांत होतं, म्हणून तेव्हा खेळतो. चाळीस वह्यांत कितीजण मेले याचा हिशोब फक्त दोघातिघांनी दिला होता.

त्या दीड पानात मला करण्यासारखी कामं दिसली. मैदानात लहान मुलांसाठी वेळ राखून ठेवायची. रात्री एकपर्यंत जागणाऱ्या पोराची झोप कशी परत आणायची. रिक्षावाले भाईजान आता रात्री दहाला फोन आपल्याकडे घेतात आणि सुट्टीच्या दिवशी पोराला संध्याकाळी दोन तास खेळू देतात. पोराने त्यांना खेळ शिकवायचा प्रयत्न केला, ते दोन मिनिटांत मेले, असं पोरगाच हसत सांगत होता. आईशी अजून जबान लढवतो. चौदा वर्षांचा आहे, लढवणारच.

म्हणून या महिन्यात पालकसभेला येणाऱ्या अम्मी-अब्बूंना माझी विनंती आहे. मुलगा कोणता खेळ खेळतो हे विचारण्याआधी चार गोष्टी बघा. तो किती वाजता झोपतो. खेळात पैसे जातात का, आणि कुणाच्या खात्यातून. हेडफोनवर कुणाशी बोलतो, त्या माणसाला तुम्ही ओळखता का. आणि खेळ बंद असताना तो कुणाशी बोलतो. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं फोनमध्ये सापडतील. चौथ्याचं उत्तर घरात शोधावं लागेल. मुलगा अचानक गप्प झाला, खाणं सुटलं, जगण्याबद्दल निराश बोलू लागला, तर खेळाला शिव्या देत बसू नका आणि फोन फोडू नका. त्याच्या शेजारी बसा, डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही नंबर मी वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवले आहेत आणि पुसू देत नाही.